खाद्यपात्रावरील पक्षिनिरीक्षण

घराच्या बागेत, अंगणात, सज्जात किंवा खिडकीबाहेर वन्य पक्ष्यांसाठी खाद्य ठेवणे, तेथे येणाऱ्या पक्ष्यांची जाती, लिंग व वय ओळखणे आणि त्यांच्या संख्येची नियमित नोंद करणे, या छंदास व अभ्यासपद्धतीस खाद्यपात्रावरील पक्षिनिरीक्षण म्हणतात. ज्या साधनात हे खाद्य ठेवतात ते ‘खाद्यपात्र’ होय. व्यवहारात ‘बर्ड फीडर’ हेच नाव रूढ आहे. रानावनांतील पक्षिनिरीक्षणात निरीक्षक पक्ष्याच्या मागावर जातो, तर येथे पक्षी निरीक्षकाकडे येतो. त्यामुळे लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांनाही हे निरीक्षण करता येते आणि एकाच जागेच्या नोंदी वर्षानुवर्षे मिळू शकतात. हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मात्र अनेक पक्षी एका ठिकाणी गोळा झाल्याने रोगांचा फैलाव, मांजरांचे हल्ले व काचेवरील आघात यांचा धोकाही वाढतो. खाद्यपात्र हे अशा प्रकारे निरीक्षणाचे साधन आहे, तसेच ते पक्ष्यांच्या जीवनात केलेला हस्तक्षेपही आहे. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्याशिवाय त्याचे योग्य मूल्यमापन होत नाही.

ही पद्धत ग्रेट ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत विशेष विकसित झाली. तेथील हिवाळा कडक असतो, दिवस लहान असतात आणि बर्फामुळे जमिनीवरील बिया व कीटक झाकले जातात. अशा दिवसांत खाद्यपात्राकडे पक्ष्यांचा ओढा सहजच वाढतो.

इतिहास : पक्ष्यांना दाणे टाकण्याची प्रथा अनेक समाजांत प्राचीन काळापासून आढळते. निरीक्षणाच्या हेतूने व घरोघरी खाद्य ठेवण्याची प्रथा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. ब्रिटनमधील १८९०–९१ च्या अतिशीत हिवाळ्यात वृत्तपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी उरलेसुरले अन्न टाकण्याचे आवाहन केले. १९१० मध्ये पंच या साप्ताहिकाने पक्ष्यांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय विरंगुळाच झाल्याचे म्हटले. जर्मनीत हान्स फोन बेर्लेप्श (१८५७–१९३३) यांनी झेबाख येथील आपल्या जमिनीवर कृत्रिम घरटी व हिवाळी खाद्य यांचे पद्धतशीर प्रयोग केले आणि त्यांचा प्रभाव इतर देशांवरही पडला.

याच सुमारास पक्ष्यांच्या अभ्यासाची रीतही बदलत होती. पूर्वी पक्ष्याची ओळख त्यास मारून, हाती घेऊन पटवीत असत. एडमंड सेलस यांच्या १९०१ मधील बर्ड वॉचिंग या ग्रंथाने जिवंत पक्ष्याच्या वर्तनाकडे लक्ष वेधले. रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रपुस्तिकेत सारख्या दिसणाऱ्या जाती शेजारीशेजारी दाखवून त्यांच्यातील भेदक खुणांकडे बाणांनी निर्देश केलेला होता. दुर्बीण व अशी पुस्तिका जवळ असली, की सामान्य माणसालाही पक्षी दुरून ओळखता येऊ लागला. भारतात हे कार्य सलीम अली यांच्या १९४१ मधील द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स या ग्रंथाने केले.

खाद्यपात्रे व खाद्य : खाद्यपात्रांचे चार मुख्य प्रकार आहेत. (१) मंच : खांबावर बसविलेली किंवा टांगलेली उघडी फळी. तीवर बहुतेक सर्व जाती उतरतात, परंतु खाद्य पावसाने भिजते व विष्ठेने दूषित होते. (२) नळी : लहान छिद्रे व बसण्याच्या दांड्या असलेली उभी नळी. ती लहान पक्ष्यांना सोयीची असते व मोठ्या पक्ष्यांना अडचणीची. (३) जाळी : तारेच्या जाळीत शेंगदाणे किंवा प्राण्यांच्या चरबीचे गोळे ठेवतात. जाळीला उलटे लटकू शकणारे टिट व सुतारपक्षी तिचा उपयोग करतात. (४) मधुरसपात्र : अमेरिकेत गुंजनपक्ष्यांसाठी साखरेचे पाणी ठेवतात. एक भाग साखर व चार भाग पाणी हे प्रमाण सामान्यतः योग्य मानतात. त्यात मध अथवा रंग घालीत नाहीत.

खाद्याच्या निवडीवर कोणते पक्षी येणार हे अवलंबून असते. सूर्यफुलाच्या काळ्या बियांचे टरफल पातळ असून त्यांत तेलाचे प्रमाण अधिक असते, म्हणून त्या सर्वाधिक वापरल्या जातात. गोल्डफिंच व सिस्किन यांसारख्या बारीक चोचीच्या पक्ष्यांना कारळे आवडतात. महाराष्ट्रात ज्याची चटणी करतात व ज्याला काही भागांत खुरासणी म्हणतात, तेच हे गळिताचे धान्य (ग्विझोशिया ॲबिसिनिका) होय. भारत व इथिओपिया या देशांतून त्याची पाश्चात्त्य देशांत पक्षिखाद्य म्हणून निर्यात होते. त्यातील तणांच्या बिया रुजू नयेत म्हणून अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत ॲफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, म्हणून शेंगदाणे कोरडे व ताजे असावे लागतात. खारवलेले पदार्थ पक्ष्यांना अपायकारक असतात. पावाने पोट भरते, पण पोषण अल्प होते.

ओळख पटविण्याची पद्धत : खाद्यपात्रावरील पक्षी जवळून व पुनःपुन्हा दिसतो. तरीही केवळ रंगावर विसंबून केलेली ओळख पुष्कळदा चुकते. रंग हा प्रकाश, ऋतू, लिंग व वय यांप्रमाणे बदलतो. म्हणून पुढील क्रमाने निरीक्षण करण्याचा प्रघात आहे : प्रथम परिचित पक्ष्याशी तुलना करून आकारमान, नंतर अंगलट, शेपटीची लांबी व चोचीचा घाट, त्यानंतर डोके, गळा, पंख व शेपटी यांवरील खुणा, आणि अखेरीस वर्तन व आवाज. चोचीच्या घाटावरून पक्ष्याच्या आहाराची कल्पना येते. जाड, शंकूसारखी चोच बी फोडणाऱ्या फिंचांची व चिमण्यांची असते, तर बारीक, टोकदार चोच कीटकभक्षकांची असते. खाण्याची तऱ्हाही लक्षात घ्यावी लागते. टिट एक बी उचलून फांदीवर नेतो, ते पायांखाली धरून फोडतो व पुन्हा येतो. ग्रीनफिंच पात्रावरच ठाण मांडून बिया चघळतो. रॉबिन व डनक हे खाली पडलेले कण जमिनीवर टिपतात.

ब्रिटनमधील बागांत नेहमी येणाऱ्या तीन टिटांचे उदाहरण घेता येईल. ग्रेट टिट (पेरस मेजर) सु. १४ सेंमी. लांब असून त्याचे डोके काळे व गाल पांढरे असतात आणि पिवळ्या पोटावरून मधोमध काळा पट्टा गेलेला असतो. ब्लू टिट (सायानिस्टिस सेरूलियस) सु. १२ सेंमी. लांब, त्याची टोपी निळी असते व पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ दिसते. कोल टिट (पेरिपेरस एटर) सर्वांत लहान. त्याच्या मानेमागे पांढरा ठिपका असतो व पोट पिवळे नसते. महाराष्ट्रातील रामगंगा हा पक्षी याच कुलातील आहे.

उत्तर अमेरिकेत डाउनी व हेअरी या दोन सुतारपक्ष्यांची गल्लत नेहमी होते. दोन्ही काळेपांढरे असून दोहोंच्या नरांच्या डोक्यामागे तांबडा ठिपका असतो. हेअरी हा मोठा असतो, परंतु एकटा पक्षी समोर असताना आकारमानाचा अंदाज फसतो. त्या वेळी चोच पाहावी. डाउनीची चोच डोक्याच्या लांबीच्या मानाने अगदी आखूड असते, तर हेअरीची जवळजवळ डोक्याइतकी लांब असते. शेपटीची बाहेरची पिसे डाउनीमध्ये पांढरी असून त्यांवर काळ्या खुणा असतात. हेअरीमध्ये ती सामान्यतः निव्वळ पांढरी असतात. हाउस फिंच व पर्पल फिंच यांच्या नरांत भेद करताना कुशीकडे लक्ष देतात. हाउस फिंचच्या कुशीवर तपकिरी रेघा स्पष्ट असतात. पर्पल फिंचचा गुलाबी तांबडा रंग डोके, पाठ व कुशी यांवर पसरलेला असतो. माद्यांपैकी पर्पल फिंचच्या मादीच्या चेहऱ्यावर ठळक पांढरी भुवई असते, तर हाउस फिंचच्या मादीचा चेहरा साधा असतो.

वयाप्रमाणे होणारा बदलही नवख्या निरीक्षकास चकवतो. यूरोपातील रॉबिनचे नर व मादी सारखेच दिसतात, पण पिलाच्या छातीवर तांबडा रंग नसतो आणि त्याचे अंग ठिपकेदार असते. पहिल्या उन्हाळ्यात असा पक्षी पाहून ती निराळी जाती असावी असा समज होऊ शकतो. शंका असल्यास जातीचे नाव न लिहिता दिसलेल्या खुणा व शक्य असल्यास रेखाचित्र वा छायाचित्र नोंदवून ठेवणे, हा अनुभवी निरीक्षकांचा नियम आहे.

नोंदी व गणना : एका बागेतील नोंदींना मर्यादित महत्त्व असते, हजारो बागांतील नोंदी एकाच पद्धतीने केल्या, तर त्यांतून सबंध देशातील पक्ष्यांच्या संख्येतील चढउतार कळतात. ब्रिटनमध्ये ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने १९७०–७१ च्या हिवाळ्यापासून खाद्यपात्रावरील पक्ष्यांची पाहणी सुरू केली. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स या १८८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९७९ पासून जानेवारीअखेर बागेतील पक्ष्यांची गणना घेण्यास आरंभ केला. ती प्रथम मुलांसाठी होती. पुढे मोठी माणसेही तीत सहभागी झाली. कॅनडात लाँग पॉइंट पक्षिवेधशाळेने १९७६ मध्ये आँटॅरिओ प्रांतापुरती पाहणी सुरू केली. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या सहकार्याने १९८७ मध्ये तिचा विस्तार सर्व उत्तर अमेरिकेत झाला व ती ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या सर्व पाहण्यांत गणनेचा एक समान नियम आहे : दिवसभरात येणाऱ्या पक्ष्यांची बेरीज करावयाची नाही, तर प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तेवढाच आकडा लिहावयाचा. उदा., सकाळी तीन टिट दिसले, दुपारी पाच व सायंकाळी चार, तर नोंद बाराची नव्हे, पाचाची करावी. एकच पक्षी दिवसात अनेक वेळा येतो, म्हणून बेरजेने संख्या फुगते. पाचाचा आकडा ही त्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांची खरी संख्या नसते. ती निश्चित अशी किमान संख्या असते. सर्वत्र व प्रतिवर्षी ती एकाच रीतीने मोजलेली असल्यामुळे निरनिराळ्या वर्षांची तुलना करता येते. एखादा नेहमीचा पक्षी दिसला नाही, तर तीही नोंद मोलाची असते. दुर्मिळ पक्षी दिसला त्याच दिवशी नोंद करणे व इतर दिवस सोडून देणे यामुळे माहिती विकृत होते.

निरीक्षणांतून मिळालेले ज्ञान : खाद्यपात्रामुळे पक्षी परावलंबी होतात काय, हा प्रश्न बराच काळ चर्चेत होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ब्रिटिंगहॅम व टेंपल यांनी ब्लॅक-कॅप्ड चिकडी या लहान पक्ष्यावर केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खाद्य मिळालेल्या पक्ष्यांपैकी ६९ टक्के हिवाळ्यातून वाचले, तर खाद्य न मिळालेल्यांपैकी ३७ टक्केच वाचले. हा फरक मुख्यतः अतिकडक थंडीच्या काळात पडला. तथापि हे पक्षी आपल्या रोजच्या गरजेचा सु. एक-पंचमांश भागच खाद्यपात्रावर भागवीत. उरलेला आहार ते रानातच शोधीत. खाद्यपात्रांना सरावलेल्या पक्ष्यांचे खाद्य काढून घेतल्यावरही, कधीच खाद्य न मिळालेल्या पक्ष्यांच्या तुलनेत त्यांचे जगण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सौम्य हवामानात या पक्ष्यास खाद्यपात्र ही सोय असते. कडाक्याच्या थंडीत मात्र ते त्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न ठरू शकते.

दीर्घकालीन पाहण्यांनी पक्षिसमाजातील बदलही दाखवून दिले. ब्रिटनमध्ये १९७३ साली पाहणीतील एक-पंचमांशापेक्षा कमी बागांत गोल्डफिंच व वुड पिजन हे पक्षी खाद्यपात्रावर येत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार हे प्रमाण चार-पंचमांशांपेक्षा अधिक झाले होते. खाद्याचे प्रकार जसे वाढले, तसे नवे पक्षी बागांकडे वळले. ब्लॅककॅप (सिल्व्हिया ॲट्रिकॅपिला) या पक्ष्याचे उदाहरण याहून लक्षणीय आहे. मध्य यूरोपातील हे पक्षी हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे जात असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी काही वायव्येकडे, ब्रिटनमध्ये हिवाळा घालवू लागले. पीटर बेर्टोल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून ही नवी दिशा आनुवंशिक असल्याचे दिसून आले. ब्रिटनमधील सौम्य झालेले हिवाळे व बागांतील भरवशाचे खाद्य यांमुळे हे स्थलांतर टिकले, असे पुढील पाहण्यांवरून दिसते. घरामागे टांगलेल्या दाण्यांचा परिणाम स्थलांतराच्या मार्गापर्यंत पोहोचू शकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

रोग व इतर धोके : पक्ष्यांना एकत्र आणणारे खाद्यपात्र रोगजंतूंनाही एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेते. हाउस फिंच हा मूळचा पश्चिम अमेरिकेतील पक्षी. १९४० मध्ये न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे पिंजऱ्यातील काही पक्षी सोडून देण्यात आले व त्यांच्यापासून पूर्व अमेरिकेत त्यांची मोठी वस्ती झाली. १९९४ च्या आरंभी वॉशिंग्टन शहराच्या परिसरात खाद्यपात्रावर डोळे सुजलेले व चिकटलेले फिंच दिसू लागले. कोंबड्यांत आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जंतूचा हा संसर्ग होता. दृष्टी गेलेला पक्षी पात्राजवळच बसून राही व मांजरांच्या किंवा ससाण्यांच्या तावडीत सापडे. नागरिकांनी पाठविलेल्या नोंदींमुळे या साथीचा प्रसार जवळजवळ महिन्यागणिक नकाशावर दाखविता आला. जेथे पक्ष्यांची दाटी अधिक होती, तेथे त्यांची घटही अधिक झाली. नळीच्या पात्राच्या छिद्रांच्या कडांना आजारी पक्ष्यांचे डोळे घासत असल्याने संसर्ग पसरण्यास मदत होते, असे पुढे प्रयोगांवरून आढळले.

ब्रिटनमध्ये ग्रीनफिंचवर (क्लोरिस क्लोरिस) असेच संकट आले. ट्रायकोमोनास गॅलिनी हा एकपेशीय परजीवी कबुतरे व होले यांच्यात पूर्वीपासून माहीत होता. २००५ मध्ये तो फिंचांत आढळला व २००६ मध्ये साथ पसरली. हा परजीवी घसा व अन्ननलिका यांत वाढतो. पक्ष्याला गिळता येत नाही. तो पिसे फुगवून सुस्त बसतो, चोचीभोवती ओले खाद्य चिकटलेले दिसते व अखेर तो उपासमारीने मरतो. लाळेने ओले झालेले दाणे व सामायिक पाणी यांवाटे संसर्ग होतो. पात्रावर ठाण मांडून बिया चघळण्याच्या व टाकण्याच्या सवयीमुळे ग्रीनफिंचला त्याची अधिक बाधा झाली. ग्रेट ब्रिटनमधील त्याची प्रजननक्षम संख्या अवघ्या काही वर्षांत सु. ४३ लाखांवरून सु. २८ लाखांवर आली. २०२१ मध्ये हा एके काळचा सर्वसामान्य पक्षी तेथील संरक्षणाच्या तांबड्या यादीत समाविष्ट करण्यात आला. अमेरिकेत २०२०–२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन या पक्ष्यांत साल्मोनेला जंतूची साथ आली, तेव्हा अनेक राज्यांच्या वन्यजीव विभागांनी खाद्यपात्रे काही काळ उतरवून ठेवण्याचे आवाहन केले.

खिडक्यांच्या काचा हा दुसरा मोठा धोका आहे. काचेत झाडांचे किंवा आकाशाचे प्रतिबिंब पडते व पक्षी तिच्यावर वेगाने आदळतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इमारतींवर आदळून मरणाऱ्या पक्ष्यांची वार्षिक संख्या २०१४ मधील अंदाजानुसार ३६·५ कोटी ते ९८·८ कोटी यांच्या दरम्यान आहे. खाद्यपात्र काचेपासून १ मी. पेक्षा कमी किंवा १० मी. पेक्षा अधिक अंतरावर ठेवावे, असे सुचविण्यात येते. काचेच्या अगदी जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग घेण्यास अवधी मिळत नाही, म्हणून आघात सौम्य होतो. काचेच्या बाहेरच्या बाजूस जवळजवळ खुणा लावल्यास अधिक उपयोग होतो. मांजर दबा धरून बसू नये म्हणून पात्र दाट झुडपाला लागून ठेवीत नाहीत. तथापि ससाण्यापासून आश्रय मिळावा म्हणून झाड दूरही नसावे. सु. २ मी. अंतर सोयीचे ठरते.

रोगप्रतिबंधासाठी पात्रे निदान दर दोन आठवड्यांनी रिकामी करून गरम पाण्याने घासावीत, एक भाग विरंजक द्राव व नऊ भाग पाणी या मिश्रणाने निर्जंतुक करून स्वच्छ धुवावीत व पूर्ण वाळल्यावरच भरावीत. पाण्याचे भांडे रोज धुवावे. खाली साचलेली टरफले व विष्ठा काढावी, एकदोन दिवसांत संपेल एवढेच खाद्य घालावे व पात्राची जागा अधूनमधून बदलावी. आजारी पक्षी दिसल्यास खाद्य व पाणी ठेवणे किमान दोन आठवडे बंद करावे, म्हणजे पक्षी पांगतात. आजारी पक्षी भुकेला दिसतो म्हणून खाद्य वाढविणे हे दयेचे कृत्य वाटले, तरी त्यामुळे निरोगी पक्ष्यांना संसर्ग होतो.

महाराष्ट्रातील स्थिती : येथे बर्फ पडत नाही व हिवाळ्यात कीटक, फुले, फळे आणि बिया मिळत राहतात. त्यामुळे शीत प्रदेशांप्रमाणे पक्ष्यांना खाद्य पुरविण्याची निकड नसते. उन्हाळ्यात मात्र पाण्याचे दुर्भिक्ष असते. अशा वेळी सावलीत ठेवलेले मातीचे पसरट भांडे खाद्यपात्रापेक्षा अधिक उपयुक्त असते व त्यावर अधिक विविध पक्षी येतात. दाण्यांकडे मुख्यतः चिमण्या, होले, मुनिया व पारवे येतात. दयाळ, शिंपी, बुलबुल, चष्मेवाला, तांबट, नाचण व शिंजीर हे पक्षी कीटक, फळे अथवा मधुरस यांवर जगतात. ते दाण्यांना फारसे भुलत नाहीत, परंतु पाण्यासाठी येतात. वड, उंबर, पांगारा, काटेसावर, पळस यांसारखी देशी झाडे त्यांच्यासाठी कायमची खाद्यपात्रे होत.

ओळखीचे प्रश्न येथेही तसेच आहेत. चिमणीच्या (पॅसर डोमेस्टिकस) नराचा माथा करडा व गळा काळा असतो. मादी फिकट तपकिरी असून तिच्या डोळ्यामागे फिकी भुवई असते. शिंजिरांच्या माद्या ओळखणे अधिक कठीण असते. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा व पोट दोन्ही पिवळसर असतात, तर जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा पांढरट करडा व पोट पिवळे असते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा काळ सोडून मादीसारखा दिसू लागतो. तेव्हा हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध जाणारा गडद पट्टा ही त्याची खूण होय.

दाणे टाकण्याच्या प्रथेचा लाभ शहरांत प्रामुख्याने पारव्यांना मिळतो. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स या २०२३ मधील अहवालात पारव्यांची संख्या वाढत असल्याचे नमूद आहे. त्यांची वाळलेली विष्ठा व पिसांतील कण श्वासावाटे दीर्घकाळ शरीरात गेल्यास काही माणसांना फुप्फुसाचा अधिहर्षताजन्य विकार जडतो. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न याच कारणाने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला व त्या वर्षी दादर येथील कबुतरखाना महानगरपालिकेने झाकून बंद केला. भूतदयेची जुनी परंपरा व सार्वजनिक आरोग्य यांतील विरोध या प्रसंगी प्रकर्षाने पुढे आला. एकाच जागी, एकाच जातीला, अमर्याद धान्य घालणे हे पक्षिनिरीक्षणाच्या दृष्टीनेही निरुपयोगी असते.

नोंदींचे मोल भारतातही प्रत्ययास आले आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी परसातील पक्ष्यांची जागतिक गणना १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली व २०१३ पासून भारतातील निरीक्षक तीत भाग घेतात. चिमण्या सर्वत्र नाहीशा होत आहेत अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स च्या २०२० मधील अहवालात हजारो निरीक्षकांच्या नोंदी एकत्र केल्यावर, देशाचा एकंदर विचार करता चिमण्यांची संख्या स्थूलमानाने स्थिर असून मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे, असे दिसून आले. उपाय कोठे करावयाचा हे अशा तपशिलावरच ठरते.

खाद्यपात्राने पक्ष्यांचे हित होते की अहित, या प्रश्नास सर्व स्थळकाळांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात त्याने चिकडी वाचली. ब्रिटनमधील बागांत त्याच्याभोवती ग्रीनफिंच मेले. या दोन्ही गोष्टी समजल्या त्या मात्र नियमित नोंदी करणाऱ्या निरीक्षकांमुळेच. म्हणून पात्र स्वच्छ ठेवणे, आजार दिसताच ते उतरविणे आणि दिसेल ते जसेच्या तसे नोंदविणे, ही कामे दाणे घालण्याइतकीच आवश्यक मानली जातात.